हो म्हणणारा माणूस

१९९१ साली अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत 'एलियन ३'ची पहिली झलक दाखवण्यात आली. अंतराळात तरंगणारं एक अंडं, समोर पृथ्वीचा गोल, आणि पुढच्या वर्षी चित्रपटातला परग्रही प्राणी पृथ्वीवर उतरणार असल्याची ग्वाही. त्याच वर्षी लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत जो 'एलियन ३' चित्रित होत होता, तो दूरच्या एका तुरुंगग्रहावर घडणारा होता. पृथ्वीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. जाहिरात करणाऱ्यांना चित्रपट कोणता आहे हे माहीत नव्हतं, कारण तो बनवणाऱ्यांचंच अजून ठरलं नव्हतं.

'प्रेडेटर'शी लावलेली झुंज सोडली तर हा प्राणी खऱ्या अर्थाने पृथ्वीवर आला तो ऑगस्ट २०२५मध्ये, 'एलियन: अर्थ' या मालिकेतून. मधल्या चौतीस वर्षांत तो ज्या कंपनीच्या मालकीचा होता, ती ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सच विकली गेली होती.

गेलं वर्षभर मी 'एलियन'-मालिकेतले सगळे चित्रपट क्रमाने पुन्हा पाहिले आणि त्यांच्या निर्मितीच्या हकिगती हाती लागतील तेवढ्या वाचल्या. विज्ञानपटांच्या चर्चेत एक ठरलेलं भांडण असतं. एका बाजूला प्रतिभावान दिग्दर्शक आणि दुसऱ्या बाजूला पैशाकडे पाहणारा स्टुडिओ. मीही वाचायला बसलो तेव्हा हेच गृहीत धरून बसलो होतो. वाचून झाल्यावर मला या दोघांपेक्षा तिसऱ्याच माणसाचं महत्त्व अधिक वाटू लागलं: स्टुडिओच्या आत बसून चित्रपटाला 'हो' म्हणणारा, आणि तो पूर्ण होईपर्यंत त्या होकाराला जागणारा माणूस. कंपनीची मालकी बदलते तेव्हा सर्वांत आधी तोच जातो.

पहिल्या 'एलियन'च्या बाबतीत या माणसाचं नाव होतं ॲलन लॅड ज्युनिअर. फॉक्सच्या बाकीच्या मंडळींना 'स्टार वॉर्स'चा भरवसा वाटत नव्हता तेव्हा लॅड जॉर्ज लुकसच्या मागे उभा राहिला होता. १९७७मध्ये 'स्टार वॉर्स'ने तुफान धंदा केला आणि फॉक्सला लगेच दुसरा अंतराळपट हवासा झाला. डॅन ओ'बॅननने रोनाल्ड शुसेटच्या साथीने रचलेली एका मालवाहू यानाची भयकथा 'ब्रँडीवाइन' या छोट्या निर्मितीसंस्थेमार्फत फॉक्सकडे आलेलीच होती. दिग्दर्शक म्हणून निवड झाली रिडली स्कॉटची. त्याच्या नावावर तेव्हा 'द ड्युएलिस्ट्स' हा एकच चित्रपट होता. बाकी आयुष्य जाहिरातपटांत गेलेलं.

स्कॉटने पहिलं काम केलं ते कागद-पेन्सिल घेऊन. संपूर्ण चित्रपट त्याने चौकटी-चौकटींनी रेखाटला आणि ती चित्रं फॉक्सपुढे ठेवली. ४२ लाख डॉलरचं अंदाजपत्रक ती पाहून ८४ लाखांवर गेलं. एच. आर. गीगर या स्विस चित्रकाराची अंगावर काटा आणणारी चित्रं ओ'बॅननने स्कॉटला दाखवली आणि प्राण्याचं रूप ठरलं. रिप्ली या मुख्य पात्राची भूमिका स्त्रीने करावी, या निर्णयामागेही लॅडचा हात होता. ब्रँडीवाइनच्या वॉल्टर हिल आणि डेव्हिड गायलरने संहिता पुन्हा लिहिताना ॲश हा यंत्रमानव घातला. प्राणी जिवंत परत आणायचा आणि खलाशांच्या जिवाची पर्वा करायची नाही, असा कंपनीचा गुप्त आदेश घेऊन तो यानावर आलेला असतो. ही भर ओ'बॅननला मुळीच आवडली नाही. मला मात्र ती या मालिकेतली सर्वांत मोलाची भर वाटते. प्राण्याची भीती दोन तासांत ओसरते; आपण ज्यांच्यासाठी राबतो त्यांनी आपली किंमत आधीच मांडून ठेवली आहे, ही जाणीव घरापर्यंत सोबत येते.

म्हणजे 'एलियन' एका माणसाचा चित्रपट नव्हता. लेखक आणि निर्मात्यांत भांडणं होती, श्रेयाचा वाद लेखकसंघापर्यंत गेला. पण कॅमेरा सुरू होण्याआधी काय बनवायचं आहे ते ठरलेलं होतं, आणि ज्याने होकार दिला होता तो चित्रीकरण संपेपर्यंत खुर्चीवर होता. लॅडने १९७९मध्येच फॉक्स सोडलं आणि स्वतःची कंपनी काढली. स्कॉटचा पुढचा विज्ञानपट 'ब्लेड रनर' त्याच कंपनीच्या आधाराने उभा राहिला.

लॅड गेल्यावर फॉक्समध्ये 'एलियन'चा पुढचा भाग कोणालाच नको होता. नफ्याच्या हिशेबावरून ब्रँडीवाइनने फॉक्सविरुद्ध दावा लावला. तो मिटायला १९८३ उजाडलं. दरम्यान १९८१मध्ये डेन्व्हरचा तेलसम्राट मार्विन डेव्हिसने फॉक्स विकत घेतली, आणि १९८५मध्ये रूपर्ट मरडॉक आला. या उलथापालथीत जेम्स कॅमेरॉन हा तरुण लेखक पुढच्या भागाची कथा लिहीत होता. त्याचा 'द टर्मिनेटर' चांगला चालला तर दिग्दर्शनही त्याच्याकडे, असं ठरलं. 'टर्मिनेटर' मिळवण्यासाठी कॅमेरॉनने काय मोजलं होतं ते इथे सांगायलाच हवं. दिग्दर्शन मीच करणार, एवढ्या अटीवर त्याने त्या कथेचे हक्क निर्माती गेल ॲन हर्डला एका डॉलरला विकले होते. चित्रपट हाती आला, कथा हातची गेली. पुढे हे हक्क एका कंपनीकडून दुसरीकडे फिरत राहिले. त्यातल्या दोन कंपन्या दिवाळखोरीतही निघाल्या.

'एलियन्स'च्या वेळी कॅमेरॉन सावध होता. रिप्ली साकारणाऱ्या सिगर्नी वीव्हरच्या मानधनावरून फॉक्स अडून बसलं, तेव्हा रिप्लीशिवाय चित्रपट करायला त्याने नकार दिला. संहिता त्याची स्वतःची होती आणि चित्रीकरणाआधी पूर्ण होती. चित्रपट १९८६मध्ये सुमारे १ कोटी ८० लाख डॉलरमध्ये झाला, त्याला सात ऑस्कर नामांकनं मिळाली, त्यात वीव्हरचंही होतं. तरी त्यालाही कात्री चुकली नाही. लांबी कमी करण्यासाठी सतरा मिनिटं काढली गेली. सत्तावन्न वर्षांच्या झोपेतून उठलेल्या रिप्लीला आपली मुलगी म्हातारी होऊन वारल्याचं कळतं, तो प्रसंग त्यात गेला. प्राणी येण्याआधीच्या वसाहतीत कामगारांची मुलं धावताना दिसतात, ते दृश्यही गेलं. ही मुलं लक्षात ठेवा.

मग 'एलियन ३'. या चित्रपटाबद्दल मला थोडं अधिक बोलायचं आहे.

विल्यम गिब्सनने एक संहिता लिहिली. एरिक रेडने दुसरी, डेव्हिड टूहीने तिसरी. रेनी हार्लिन दिग्दर्शक म्हणून आला आणि कंटाळून गेला. मग न्यूझीलंडच्या व्हिन्सेंट वॉर्डने एक विलक्षण कल्पना मांडली: लाकडाचा ग्रह, आणि त्यावर मध्ययुगीन वृत्तीने जगणारे मठवासी. त्या जगात यंत्र नाही, शस्त्र नाही. आलेल्या प्राण्याला ते सैतान समजतात. लाकडी देखाव्यांची तयारीही सुरू झाली. मग फॉक्सला शंका आली, वॉर्ड गेला, मठाचा तुरुंग झाला आणि मठवासी कैदी झाले. पण कैद्यांच्या तोंडी धर्म तसाच राहिला. आजही चित्रपट पाहताना हे कैदी प्रार्थना का करतात, असा प्रश्न पडतो. त्याचं उत्तर टाकून दिलेल्या संहितेत आहे.

या अवस्थेत डेव्हिड फिंचर आला. वय अठ्ठावीस, पाठीशी संगीतपट आणि जाहिराती, हा पहिलाच चित्रपट. जानेवारी १९९१मध्ये चित्रीकरण सुरू झालं तेव्हा संहिता अपुरी होती, लाखो डॉलर खर्च झालेले होते आणि प्रदर्शनाचा काळ मात्र ठरलेला होता. आजारपणामुळे छायाचित्रकार जॉर्डन क्रोननवेथला सोडून जावं लागलं. पानं रोज बदलत होती आणि दृश्यादृश्यासाठी परवानगी लागत होती. शेवटी फॉक्सने संकलनही आपल्या मनाप्रमाणे करून मे १९९२मध्ये चित्रपट लावला. फिंचरने तो कधीच आपला मानला नाही. तीन वर्षांनी त्याने 'सेव्हन' केला.

२००३मध्ये फॉक्सने चारही चित्रपटांचा डीव्हीडी-संच काढला. तिघा दिग्दर्शकांनी सहकार्य केलं, फिंचरने नाही. तेव्हा 'एलियन ३'चं चित्रीकरणाच्या काळातलं जुळणीरूप त्याच्याशिवायच डागडुजी करून प्रसिद्ध झालं. ते अर्ध्या तासाने लांब आहे. त्यात प्राणी कुत्र्याऐवजी बैलातून जन्मतो आणि गॉलिक या वेडसर कैद्याची कथा पूर्ण होते. ही दोन्ही रूपं मी लागोपाठच्या दोन रात्री पाहिली. दुसऱ्या रात्री मला एक उदास, जड पावलांचा, स्वतःचा सूर असलेला चित्रपट दिसला. दोष आहेतच, पण मन लावून केलेलं काम दिसतं. सोबतच्या माहितीपटातून फिंचरच्या संतापाचे भाग त्या वेळी वगळले गेले होते. २०१०च्या आवृत्तीत ते परत आले.

फॉक्सने दिग्दर्शकाचं स्वातंत्र्य हिरावलं, असं या चित्रपटाबद्दल नेहमी म्हटलं जातं. ते खरं आहे, पण अपुरं आहे. हिरावून घेतलेलं स्वातंत्र्य कोणा एकाच्या हातात गेलं असतं तरी काही निश्चित घडलं असतं. निर्माते, अधिकारी, नटी आणि दिग्दर्शक या सगळ्यांकडे नकाराधिकार होता आणि होकार कोणाकडेच नव्हता.

जाँ-पिएर जनेचा चौथा भाग १९९७मध्ये आला, त्यावर मी थांबत नाही. पुढे कॅमेरॉन पाचव्या भागाचा विचार करत होता. फॉक्सला मात्र आपल्याच कपाटातला 'प्रेडेटर' आणि 'एलियन' यांची झुंज लावायची होती. ते कळल्यावर तो बाजूला झाला आणि २००४मध्ये ती झुंज पडद्यावर आली.

स्कॉट परतला तो २०१२च्या 'प्रोमिथियस' या पूर्वकथेतून. आता त्याचा शब्द खाली पडत नव्हता. चित्रपटाने जगभरात ४० कोटी डॉलरच्या वर कमाई केली. पण प्राणी कुठे आहे, अशी प्रेक्षकांची तक्रार आली आणि स्कॉटने ती मनावर घेतली. २०१७च्या 'कव्हेनंट'मध्ये प्राणी आला, आणि 'प्रोमिथियस'ने मांडलेला मानवाच्या निर्मात्यांचा प्रश्न एका छोट्या आठवणीत गुंडाळला गेला. कमाई २४ कोटींवर अडली. इथे दिग्दर्शकाला कोणी रोखलं नव्हतं. स्वतःच्या कथेवरचा विश्वास त्यानेच सोडला. याच काळात नील ब्लोमकॅम्पने रिप्लीला परत आणणारा चित्रपट आखला होता. त्याची चित्रं २०१५मध्ये लोकांनी पाहिली, चित्रपट कधी झाला नाही.

डिसेंबर २०१७मध्ये डिस्नेने फॉक्सचा मोठा हिस्सा घेण्याचं जाहीर केलं. कॉमकास्टने चढी बोली लावल्यावर किंमत ७१.३ अब्ज डॉलरवर गेली आणि २० मार्च २०१९ रोजी व्यवहार पूर्ण झाला. हा व्यवहार आपल्या घरापर्यंत आला होता. याच सौद्यात स्टार इंडिया डिस्नेकडे गेली, आणि तिच्याबरोबर आपली 'स्टार प्रवाह' वाहिनीही. संध्याकाळच्या मराठी मालिका आणि गीगरचा प्राणी एकाच दिवशी एकाच नव्या मालकाकडे गेले. २०२४च्या अखेरीस भारतातला हा व्यवसाय रिलायन्सच्या वाहिन्यांशी जोडून जिओस्टार झाला. म्हणजे सहा वर्षांच्या आत 'स्टार प्रवाह'ची मालकी दोनदा हलली.

या विलीनीकरणात स्कॉटचा तिसरा पूर्वभाग मागे पडला. 'कव्हेनंट'च्या कमी कमाईचाही त्यात वाटा आहे, दोष सगळा डिस्नेवर टाकता येणार नाही. पण ज्या फॉक्सने स्कॉटला शब्द दिला होता, ती फॉक्स राहिली नव्हती. जानेवारी २०२०मध्ये स्टुडिओच्या नावातून 'फॉक्स' हा शब्दही काढला गेला. 'कव्हेनंट'च्या शेवटी डेव्हिड हा यंत्रमानव दोन हजार झोपलेल्या वसाहतकऱ्यांना घेऊन निघाला आहे, तो अजून कुठेच पोहोचलेला नाही.

आणि तरीही नव्या मालकाच्या काळातच 'एलियन: रोम्युलस' आला. फेडे अल्वारेझने 'एलियन्स'च्या, कापलेली दृश्यं परत जोडलेल्या लांब रूपातली ती धावणारी मुलं पाहिली होती. अशा वसाहतीत वाढलेली मुलं मोठी होऊन काय करतील, या प्रश्नातून त्याने कथा रचली. कराराचे तास भरूनही कंपनी जिला जाऊ देत नाही अशी एक तरुण मुलगी तिच्या केंद्रस्थानी आहे. हा चित्रपट आधी थेट घरच्या पडद्यासाठी ठरला होता. ऑगस्ट २०२४मध्ये तो चित्रपटगृहांत लागला आणि सुमारे ३५ कोटी डॉलर मिळवून गेला. १९८६मध्ये लांबी कमी करण्यासाठी कापलेल्या फितीतून अडतीस वर्षांनी मालिकेला जीव मिळाला. माझी नाराजी एकाच गोष्टीवर आहे. पहिल्या चित्रपटात ॲश साकारणाऱ्या आणि २०२०मध्ये वारलेल्या इयन होमचा चेहरा संगणकाने उभा करून पुन्हा यंत्रमानवाला दिला गेला. कुटुंबाची परवानगी होती, तरी ते करायला नको होतं. त्या भूमिकेला नवा नट चालला असता, आणि मेलेला नट नाही म्हणू शकत नाही.

नोआ हॉलीची 'एलियन: अर्थ' याच्याही पुढे जाते. तिच्यातली पृथ्वी पाच कंपन्यांनी वाटून घेतली आहे आणि 'प्रोमिथियस'च्या पूर्वकथेकडे तिने सरळ पाठ फिरवली आहे. मालकाने स्कॉटचे धागे पुढे नेण्याची सक्ती केली नाही, ते हॉलीच्या पथ्यावर पडलं. स्कॉटच्या धाग्यांचं काय, याला मात्र उत्तर नाही.

विज्ञानपटाची आवड असणाऱ्या वाचकाला माझी एक विनंती आहे. या दिवाळीच्या सुट्टीत 'एलियन ३' पाहायचा ठरवलात तर २००३चं लांब रूप शोधून पाहा. ओळखायची खूण सोपी आहे: सुरुवातीच्या भागात कुत्रा दिसला तर ती १९९२ची प्रत आहे, मेलेला बैल ओढत नेताना दिसला तर बरोबर प्रत मिळाली आहे.