कोणाच्या डावीकडे? : कॅमेऱ्यास दिलेल्या आज्ञा व दिग्वाचक शब्द

संगणकावर त्रिमिती चलच्चित्रे रचण्याचे प्राथमिक शिक्षण देणाऱ्या साधनांपैकी ‘अ‍ॅलिस’ ही प्रणाली भाषेच्या अभ्यासकाने अवश्य पाहावी अशी आहे. रँडी पॉश व त्यांचे सहकारी यांनी व्हर्जिनिया विद्यापीठात तिचा आरंभ केला व पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठात ती वाढीस लागली. तीत विद्यार्थी पडद्यावरील एका लहानशा जगात पेंग्विन, ससा, झाड अशा वस्तू मांडतो व त्यांना आज्ञा देतो. ते जग ज्यातून दिसते तो कॅमेराही तेथे एक वस्तूच होय. पेंग्विनला जशी, तशीच त्यालाही ‘पुढे जा’, ‘डावीकडे वळ’ अशी आज्ञा देता येते. शिकणाऱ्यांची खरी तारांबळ उडते ती याच ठिकाणी. आणि तिचे मूळ गणितात नसून दिग्वाचक शब्दांच्या अर्थात आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

या प्रणालीच्या कर्त्यांनी भाषेचा विचार केला नव्हता असे मात्र नाही. मॅथ्यू कॉनवे यांनी 1997 साली डॉक्टरेटसाठी सादर केलेल्या प्रबंधात या निवडीची चर्चा आहे. एक्स, वाय, झेड हे अक्ष काढून टाकून त्यांच्या जागी पुढे-मागे, डावे-उजवे, वर-खाली हे शब्द आले. भूमितीतील ‘ट्रान्स्लेट’ या क्रियापदाऐवजी ‘मूव्ह’ आले. कारण सामान्य इंग्रजी भाषकास पहिल्या शब्दाचा अर्थ ‘भाषांतर कर’ असाच प्रथम सुचणार! 1967 साली निघालेल्या ‘लोगो’ भाषेचा संस्कारही येथे स्पष्ट आहे. लोगोतील कासव आपल्या स्वतःच्या डाव्या-उजव्या बाजूस वळते, व मूल मनाने कासवाच्या जागी उभे राहून आज्ञा लिहिते.

परंतु कासव एकटे होते. अ‍ॅलिसच्या जगात पाहणारा कॅमेरा वेगळा व चालणारे पात्र वेगळे. पेंग्विन कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा असताना त्यास ‘डावीकडे वळ’ म्हटले, की तो आपल्या उजवीकडे वळलेला दिसतो. कॅमेऱ्याची गोष्ट याहून फसवी आहे. चित्रातील पेंग्विन थोडा डावीकडे यावा म्हणून विद्यार्थी कॅमेऱ्यास डावीकडे वळवितो आणि पेंग्विन उजवीकडे सरकून चौकटीबाहेर जातो. कॅमेरा किंचित खाली झुकलेला असेल, तर ‘पुढे जा’ म्हणताच तो नाकासमोर, म्हणजे जमिनीच्या रोखाने, उतरू लागतो. आज्ञा बरोबर, आज्ञापालनही बरोबर; तरी चित्र चुकलेले.

स्टीफन लेव्हिन्सन यांनी 2003 सालच्या आपल्या ग्रंथात स्थलवाचक भाषेच्या तीन संदर्भचौकटी मानल्या आहेत: वस्तूच्या स्वतःच्या अंगांवर आधारलेली, पाहणाऱ्यावर आधारलेली, आणि उत्तर-दक्षिणेप्रमाणे दोहोंपासून स्वतंत्र असलेली. ऑस्ट्रेलियातील गुगु यिमिथिर भाषेचे बोलणारे हाताजवळच्या वस्तूची जागाही दिशांच्या नावांनी सांगतात, हे उदाहरण प्रसिद्धच आहे. मराठीत ‘गाडीच्या डावीकडे’ म्हटल्यास पहिल्या दोन्ही चौकटी संभवतात. ‘झाडाच्या डावीकडे’ म्हटल्यास दुसरीच संभवते, कारण झाडास आपण डावे-उजवे मानीत नाही. ‘अलीकडे’ व ‘पलीकडे’ हे शब्द तर पाहणाऱ्याचे ठिकाण गृहीत धरल्याखेरीज अर्थच देत नाहीत.

अ‍ॅलिसमध्ये झाडालाही पुढची बाजू असते! प्रत्येक वस्तूस तिच्या रचनाकाराने पुढे, वर आणि डावे नेमून दिलेले असते. त्यामुळे काही न सांगता दिलेली आज्ञा नेहमी पहिल्या चौकटीत समजली जाते. ती बदलावयाची तर आज्ञेस ‘अमक्याच्या दृष्टीने’ असे एक पद जोडावे लागते. पेंग्विन कॅमेऱ्याच्या दृष्टीने डावीकडे सरकला, की पडद्यावरही तो डावीकडेच जातो. कॅमेरा जमिनीच्या दृष्टीने पुढे नेला, की झुकलेला असूनही सपाटीने जातो; येथे तिसऱ्या चौकटीचे काम जमीन करते. सर्वांत मनोरंजक प्रकार पुढचा आहे. कॅमेऱ्यास पेंग्विनच्या दृष्टीने डावीकडे एक पूर्ण फेरा वळावयास सांगितले, तर तो जागच्या जागी न फिरता पेंग्विनवर नजर ठेवून त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालतो. वरून पाहता ही गती घड्याळाच्या काट्यांच्या उलट असते. म्हणजे आज्ञेत ‘डावीकडे’ असताना कॅमेरा स्वतःच्या उजव्या अंगाकडे सरकत जातो. कार्ल ब्यूलर यांनी 1934 साली उच्चाराचा जो ‘मी-येथे-आता’ हा आरंभबिंदू सांगितला, तो येथे एका पदाने उचलून दुसरीकडे ठेवला जातो.

कॅमेऱ्याच्या निरनिराळ्या जागा अदृश्य खुणांनी नोंदवून त्याला थेट तेथे पाठविण्याची सोयही आहे. तीत दिग्वाचक शब्द लागतच नाहीत. काम लवकर उरकते हे खरे. तथापि नवशिक्यास ती प्रथम दाखवू नये असे आमचे मत आहे. कोणाचे डावे, हा प्रश्न त्याला मग पडतच नाही.

तो प्रश्न प्रस्तुत लेखकासही एकदा पडला नव्हता. भाषा व संगणन या विषयाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत ‘पात्र समोरून दाखवून त्यास डावीकडे वळवावे’ असा प्रश्न आम्ही घातला. ज्यांनी पात्र पडद्याच्या डावीकडे वळविले त्यांचे गुण कापले. निकालानंतर एक विद्यार्थिनी प्रश्नपत्रिका घेऊन आली आणि म्हणाली, “सर, कोणाच्या डावीकडे, हे यात कोठे लिहिले आहे?” ते कोठेच लिहिलेले नव्हते. पाहणाऱ्याच्या बाजूने केलेला तिचा अर्थ मराठीच्या दृष्टीने सर्वस्वी ग्राह्य होता. किंबहुना ‘समोरून दाखवून’ या शब्दांनी आम्हीच तो सुचविला होता. सर्व उत्तरे पुन्हा तपासून गुणपत्रके बदलावी लागली. पुढील वर्षीच्या प्रश्नपत्रिकेत ‘पात्राच्या स्वतःच्या डावीकडे’ असे शब्द घातले आहेत.