मुलाखतीआधीची तीन संध्याकाळ

आमच्या राजूरमध्ये कोळशाची खाण आणि चुन्याच्या भट्ट्या यांवर कित्येक पिढ्या जगल्या. आता मुलांना खाणीत जागा नाही आणि भट्टीवर जावे असे आईबापांना वाटत नाही. मग डी.एड., बी.एड., आयटीआय. अर्ज भरले जातात, परीक्षा होते आणि एक दिवस मुलाखतीचे बोलावणे येते. तेव्हा घरात धावपळ सुरू होते ती कपड्यांची. उत्तरांची आठवण आदल्या रात्री होते.

मोहल्ल्यातली एक मुलगी गेल्या आठवड्यात आमच्याकडे आली. उर्दू माध्यमातून बारावी, मग डी.एड. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर खासगी संस्थांसाठी ‘मुलाखतीसह’ असा पर्याय असतो. तिथे मुलाखत आणि पाठ घेण्याचे कौशल्य मिळून 30 गुण. तिने मोबाइलवरून उत्तरे उतरवून आणली होती. “स्वतःविषयी सांग,” म्हटल्याबरोबर सुरू झाली, “मी मेहनती, प्रामाणिक असून मला आव्हाने स्वीकारायला आवडतात.” आम्ही वही मिटवली. हे वाक्य त्या दिवशी दहा उमेदवार म्हणतील.

“अब्बा काय करतात?”

ती गप्प. मग हळूच, “मजुरी.”

“कुठे?”

“चुनाभट्टीवर.”

“तिथे काय होतं ते सांग बरं.”

आणि मुलगी बोलू लागली. चुनखडीचा दगड आणि कोळसा यांचे थर कसे रचतात, आग कशी सांभाळावी लागते, निघालेल्या कळीच्या चुन्यावर पाणी पडले की तो कसा फसफसून तापतो, अब्बांचे हात कसे भाजतात. तिला एकदाही अडावे लागले नाही. आम्ही म्हणालो, हाच तुझा पाठ. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, साधारण 900 अंशांवर त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो, उरतो तो कळीचा चुना. पुस्तकातले समीकरण तिला पाठ होतेच, पण ते बापाच्या भट्टीचे आहे हे तिच्या ध्यानात आले नव्हते.

दुसऱ्या संध्याकाळी अवघड प्रश्न घेतले. डी.एड.नंतर तीन वर्षे काय केले? ती खोटे सांगणार होती. खरे असे की अब्बा आजारी होते आणि ती घरी शिकवण्या घेत होती. किती मुले, कोणता वर्ग, कोणाला काय जमले नाही, एवढे सांगितले तरी ते उत्तर भक्कम होते. लग्नानंतर नोकरी कराल का, हा प्रश्न मुलींना हमखास विचारतात. तो विचारू नये असे आमचे मत. पण विचारलाच तर “हो, घरच्यांशी बोलणे झाले आहे” एवढेच म्हणावे, आणि ते बोलणे खरोखर आधी झालेले असावे. त्यासाठी तिच्या अम्मीला बोलावून घेतले.

डोक्यावरच्या ओढणीविषयी किंवा धर्माविषयी कुणी विचारले तर? जालना जिल्ह्यातल्या शेलगावचा, रिक्षाचालकाचा मुलगा अन्सार शेख 2015 च्या यूपीएससी परीक्षेत यशस्वी झाला. शिया की सुन्नी, असे मुलाखतीत विचारल्यावर आपण भारतीय मुसलमान आहोत असे उत्तर दिल्याचे त्याने नंतर सांगितले होते. एका वाक्यात, न चिडता.

आमची स्वतःची पहिली मुलाखत आठवली की अजून कान गरम होतात. शिक्षणशास्त्राच्या सगळ्या व्याख्या पाठ, आणि अध्यक्षांनी विचारले, “आमची शाळा कुणी सुरू केली?” आम्हाला संस्थापकांचे नावही ठाऊक नव्हते. फाटकाच्या पाटीवर ते मोठ्या अक्षरांत लिहिलेले होते!

एक गोष्ट आईबापांसाठी. केंद्र सरकारच्या गट ‘क’, गट ‘ड’ आणि गट ‘ब’च्या अराजपत्रित पदांसाठी 1 जानेवारी 2016 पासून मुलाखतच बंद झाली आहे. तरीही “मुलाखतीत पास करून देतो” म्हणत पैसे मागणारे दलाल फिरतात. जी मुलाखत होणारच नाही तिच्यासाठी दागिने मोडू नका. खासगी संस्थांतल्या ‘देणगी’विषयी काय बोलावे? नेमणुका गुणवत्तेवर व्हाव्यात म्हणूनच पोर्टल आले. लोकांच्या मनातली शंका मात्र गेलेली नाही. ती मुलीच्या कानावर घालून तिचा धीर आधीच खचवू नये.

तिसरी संध्याकाळ भाषेत गेली. घरी उर्दू, गल्लीत हिंदी, मराठी फक्त दाखल्यापुरती. ‘ळ’ आला की अडखळायची, म्हणून घाईने बोलायची. आम्ही तिला मराठी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लावले. कोळसा, फळा, शाळा, वेळ. धाकटा भाऊ हसला, तर अम्मीने त्यालाच वाचायला बसवले.

मुलाखत येत्या सोमवारी आहे. उद्या मगरीबनंतर ती आमच्या अंगणात पाठ घेणार आहे. समोर मोहल्ल्यातली सात-आठ पोरे, आणि भट्टीवरून सुटून आले तर अब्बाही. कळीच्या चुन्याचा एक खडा तेच आणणार आहेत. त्याला हात लावायचा नाही, हे पोरांना आधीच सांगून ठेवले आहे.