झाकली मूठ, उघडं मैदान

५ ऑक्टोबर २०१९ ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज हे एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे, दोन संघ खेळले. संपादकांना हवी होती गर्दी, झगमगाट आणि मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांनी आपला किंग्ज संघ जन्मगावी आणल्याची गोष्ट. ती मी लिहून दिली. किंग्ज १०६–१३० असे हरले, तेही लिहिलं. सामन्यानंतर हाती पडलेला आकडेपट मात्र घडी घालून पर्समध्ये ठेवला, तो आजही माझ्याकडे आहे. कारण त्याचा शेवटचा रकाना.

गुण, रिबाउंड, असिस्ट हे रकाने कुणालाही कळतात. शेवटच्यात असतं ते अधिक-उणे. एखादा खेळाडू मैदानावर असताना त्याच्या संघाने किती गुण केले आणि किती दिले, यातला फरक. त्याने स्वतः काय केलं याच्याशी या रकान्याला देणंघेणं नाही. वीस गुण करणाऱ्यापुढे उणे अकरा असू शकतं आणि चार गुण करणाऱ्यापुढे अधिक नऊ. आपल्याकडे कबड्डी पाहिलेल्यांना हे समजावून सांगायला नको. पकड होते तेव्हा टाळ्या मिळतात पाय धरणाऱ्याला; चढाई करणाऱ्याला त्याच्याकडे ढकलत नेणाऱ्या साखळीचं नाव कुठे लागत नाही.

रकाना दिसतो भोळा, पण आहे लबाड. थोर खेळाडूच्या शेजारी उभं राहणाऱ्याचाही आकडा फुगतो, श्रीमंताच्या घरच्या पाहुण्यासारखा. यावर उतारा शोधला इंडियाना विद्यापीठातले प्राध्यापक वेन विन्स्टन आणि त्यांचे सहकारी जेफ सॅगरिन यांनी. विन्स्टन यांचा एक जुना विद्यार्थी, मार्क क्यूबन, २००० मध्ये डॅलस मॅव्हरिक्सचा मालक झाला होता. हिशेब त्याच्यासाठी सुरू झाला. मैदानावर दहा जण असतात. एक बदली खेळाडू आत येतो तिथपासून पुढचा येईपर्यंतचा प्रत्येक तुकडा म्हणजे एक समीकरण: दहा नावं, एक निकाल. हंगामभरात अशी हजारो समीकरणं जमतात. ती एकत्र सोडवली, की सोबत्यांचा आणि प्रतिस्पर्ध्यांचा वाटा वजा होऊन प्रत्येकाचा स्वतःचा भार उरतो. निदान उरावा अशी अपेक्षा असते. कारण दोघे जण कायम एकत्रच खेळत असतील, तर खिचडीतून डाळ आणि तांदूळ वेगळे करण्यासारखं होतं. एका हंगामाचे आकडे त्याला पुरत नाहीत.

या रकान्याने ज्याला मोठं केलं, तो माणूस शेन बॅटिए. २००६ मध्ये ह्यूस्टन रॉकेट्सने त्याला मेम्फिसकडून घेतलं आणि बदल्यात रूडी गे हा ताज्या दमाचा, उंच उडी घेणारा तरुण देऊन टाकला. ह्यूस्टनच्या प्रेक्षकांना हा सौदा आतबट्ट्याचा वाटला. बॅटिएची कारकिर्दीची सरासरी सामन्याला नऊ गुणांच्याही खाली. पाय संथ, उडी बेताची. पण तो मैदानात असला, की त्याचा संघ सुधारायचा आणि समोरचा बिघडायचा. संघाचे सूत्रधार डॅरिल मोरी हे एमआयटीतून व्यवस्थापन शिकून आलेले. त्यांना दिसलं होतं ते हे.

मायकेल लुईस यांनी २००९ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकात बॅटिएवर लेख लिहिला, तेव्हा जगाला आकड्यांच्या या कारखान्याची एक खिडकी दिसली. सामन्याआधी बॅटिएच्या हाती एक खास टिपण यायचं, संघातल्या इतर कुणाला मिळत नसे असं. समोरच्या संघातला कोबी ब्रायंट कुठून, कुठल्या बाजूने, कशा प्रकारे फेक करतो आणि कुठे त्याचा नेम ढिला पडतो, हे त्यात असे. कोबीला अडवता येत नाही, हे बॅटिए धरूनच चालायचा. त्याला बास्केटखाली पोचू द्यायचं नाही, फाउल करायचा नाही, लांबवरच्या अवघड दोन गुणांच्या फेकीकडे त्याला रेटायचं आणि तो उडाला, की चेंडूकडे न झेपावता त्याच्या डोळ्यांसमोर हात धरायचा. एवढंच. सॅन अँटोनियोचा मानू जिनोबिली राखीव खेळाडूंतून मैदानात यायचा, म्हणून बॅटिएने प्रशिक्षकांना स्वतःलाही सुरुवातीला बाकावर बसवायला सांगितलं, जिनोबिली येईल तेव्हा आपण ताजे असावं म्हणून. पहिल्या पाचांतली जागा आपण होऊन सोडणारा खेळाडू मला तरी दुसरा माहीत नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मोरींना कुणी शिकवायला नको होतं. बॅटिएची किंमत सगळ्यांना कळली असती, तर तो त्या भावात मिळालाच नसता. पण बास्केटबॉलची पंचाईत अशी, की चेंडू फेकायचा तर मूठ उघडावीच लागते. मधल्या अंतरावरून शंभरात चाळीस फेकी पडल्या, तर ऐंशी गुण होतात. तीन गुणांच्या रेषेबाहेरून छत्तीसच पडल्या, तरी एकशे आठ. हे गणित ज्याने आधी मांडलं त्याला काही वर्षं नफा झाला. मग सगळ्यांनी पाहिलं. रेषा आली त्या १९७९–८० च्या हंगामात संघ सामन्याला तीनही तीन-गुणी फेकी करत नव्हते. २०२४–२५ मध्ये हा आकडा सदतिसाच्या वर गेला. मोरींचा संघ तर या गणिताचा कळस. २८ मे २०१८ ला, अंतिम फेरीच्या उंबरठ्यावरच्या सातव्या सामन्यात, रॉकेट्सच्या सलग २७ तीन-गुणी फेकी हुकल्या. गणित बरोबरच होतं. त्या रात्री बास्केट ऐकेना.

आता छतावर कॅमेरे असतात. क्षेपणास्त्रांचा माग काढण्याच्या विद्येतून इस्रायलमध्ये निघालेलं हे तंत्र २०१३–१४ मध्ये एनबीएच्या प्रत्येक मैदानावर आलं: तेव्हा सहा कॅमेरे, सेकंदाला पंचवीस वेळा सगळ्यांच्या जागांची नोंद. टोरांटो रॅप्टर्सच्या विश्लेषकांनी त्यातून ‘भुतं’ बनवली. बचावपटू प्रत्यक्ष कुठे उभा होता आणि खरं तर कुठे असायला हवा होता, ते पडद्यावर शेजारी शेजारी दिसायचं. २०१३ मध्ये त्यांनी ती एका पत्रकाराला दाखवली, याचंच तेव्हा नवल झालं. नोंदी सगळ्या संघांकडे सारख्याच पोचतात. गुपित उरतं ते त्यांना विचारलेल्या प्रश्नात.

दहा वर्षांनी त्याच टोरांटोवर न्यूयॉर्क निक्सने खटला भरला. नोकरी बदलून तिकडे गेलेल्या कर्मचाऱ्याने हजारो गोपनीय फाइली नेल्या, असा आरोप. टोरांटोने तो फेटाळला. २०२४ मध्ये न्यायाधीशांनी तंटा लीगच्या आयुक्तांकडे लवादाला पाठवला. घरचं भांडण घरात गेलं.

मला खटल्यापेक्षा दुसरीच गोष्ट खटकते. ही विद्या जन्मली चव्हाट्यावर. पर्यावरण अभियांत्रिकीत डॉक्टरेट केलेल्या डीन ऑलिव्हर यांनी फेकीची अचूकता, गमावलेले चेंडू, रिबाउंड आणि फ्री थ्रो असे विजयाचे चार घटक पुस्तकात मांडले आणि २००४ मध्ये सिएटलने त्यांना नोकरीवर घेतलं. पुढे ते रणदिवे यांच्या किंग्जकडेही होते. ईएसपीएनच्या संकेतस्थळावर लिहिणारे जॉन हॉलिंजर २०१२ मध्ये मेम्फिसचे उपाध्यक्ष झाले. भाकरी मिळाली, चांगलं झालं. पण लिहितं माणूस आत गेलं, की दार लागतं. कॅमेऱ्यांच्या कच्च्या नोंदी काही काळ कुणालाही उतरवून घेता येत होत्या. २०१६ च्या सुरुवातीला तीही खिडकी बंद झाली.

आणि ज्याचं माप घेतलं जातं, त्याचं काय? २०१७ च्या करारात खेळाडूंच्या संघटनेने लिहून घेतलं, की अंगावर लावायची मापनयंत्रं ऐच्छिक राहतील आणि त्यांचे आकडे पगाराच्या वाटाघाटीत वापरता येणार नाहीत. नाडीपुरतं कुंपण झालं. छतावरच्या कॅमेऱ्याला परवानगी कोण विचारणार? आपला गुडघा मंदावलाय हे संघाला खेळाडूच्या आधी कळू शकतं, आणि कळलं तर ते त्याला सांगण्यात संघाचा फायदा असतोच असं नाही.

बॅटिए पुढे मायामी हीटकडून खेळला, २०१२ आणि २०१३ ची विजेतेपदं घेऊन निवृत्त झाला. २०१७ मध्ये मायामीने त्याला परत बोलावलं, विश्लेषण विभाग सांभाळायला. ज्याच्या हाती टिपण यायचं, तो टिपणं करणाऱ्यांत जाऊन बसला. मैदानावर त्याने कोबीच्या डोळ्यांसमोर धरलेला हात साऱ्या जगाने पाहिला. त्या कचेरीत त्याने काय केलं, त्याचा रकाना कुठल्याच कागदावर नाही.