सुकाणूपुढील पडदे

समुद्रावर वाट शोधण्याचें काम पूर्वीं तीन साधनांवर चालत असे: होकायंत्र, नकाशा आणि तांडेलाची नजर. कोंकणच्या किनाऱ्यावरील कोळी तर पुष्कळदां नकाशाचीही अपेक्षा ठेवीत नसत. देवळाचें शिखर आणि त्यामागील डोंगराचा सुळका एका रेषेंत आला, म्हणजे खडक कोठें आहे आणि मासळी कोठें मिळेल हें त्यांस कळत असे. रात्रीं तारे सोबतीला असत. आज त्याच किनाऱ्यावरील यांत्रिक नौकेंत सुकाणूपाशीं एक उजळ पडदा दिसतो. नौकेचें स्थान, तिचा वेग, खालच्या पाण्याची खोली, मासळीचा थवा आणि आसपासचीं जहाजें, हें सर्व त्यावर एकाच वेळीं उमटतें. असें यंत्र विकत घेणें आतां सोपें झालें आहे. परंतु तें नौकेंत कोठें व कसें बसवावें, हा प्रश्न तितका सोपा नाहीं. वाईट जागीं बसविलेला पडदा निरुपयोगी होतो, आणि कित्येकदां तो धोक्याचाही ठरतो.

या प्रश्नाचें महत्त्व ध्यानांत येण्यासाठीं ‘तारिणी’ या नौकेचें उदाहरण घ्यावें. गोव्यांत मांडवी नदींतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत प्रथम ‘म्हादेई’ आणि मग तिची ही धाकटी बहीण तयार झाली. ‘म्हादेई’ घेऊन दिलीप दोंदे यांनीं २००९-१० सालीं चार बंदरांत थांबत एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. तशी ती करणारे ते पहिले भारतीय होत. ‘तारिणी’ १८ फेब्रुवारी २०१७ रोजीं नौदलांत दाखल झाली. तिची लांबी अवघी सतरा मीटर, म्हणजे छप्पन्न फूट आहे. त्याच वर्षाच्या १० सप्टेंबरला नौदलाच्या सहा महिला अधिकारी तिच्यांतून गोव्याहून निघाल्या आणि २१,६०० सागरी मैलांची प्रदक्षिणा पुरी करून २१ मे २०१८ रोजीं परतल्या. दक्षिणेकडील महासागरांत, डोंगराएवढ्या लाटा उसळत असतां, सुकाणूवर उभ्या असलेल्या व्यक्तीला वाऱ्याची दिशा व नौकेचा वेग एका दृष्टिक्षेपांत समजले पाहिजेत. तेथें आंत जाऊन यंत्र पाहून येण्यास सवड नसते. मान वळविण्याससुद्धां फार वेळ मिळत नाहीं.

यावरून पहिला नियम निघतो. पडदा नजरेच्या वाटेवर असावा, पण नजरेच्या आड येऊं नये. सुकाणू धरणाऱ्याचें खरें काम समोरचें पाणी पाहण्याचें आहे. म्हणून पडद्याची वरची कड क्षितिजाच्या रेषेखालीं राहावी, आणि डोळे किंचित् खालीं वळवितांच तो दिसावा. हातभर अंतर साधारणतः सोयीचें पडतें. केबिनच्या समोरच्या कांचेपुढें मोठा पडदा उभा केला, तर त्याच्यामागें एखादी लहान होडी सहज लपते. शिवाय, शिडाच्या नौकेंत सुकाणूवाला नेहमीं मध्यभागीं उभा नसतो. वारा ज्या बाजूचा असेल तिकडे तो सरकतो. यासाठीं यंत्र आणण्यापूर्वीं त्याच्या मापाचा पुठ्ठा कापून जागेवर चिकटवावा. उभ्यानें, बसून, उजवीकडून आणि डावीकडून तो पाहावा. मगच करवत हातीं घ्यावी. पुठ्ठा हवा तेवढा हलवितां येतो. फळीला पाडलेलें भोंक हलवितां येत नाहीं.

दुसरा नियम होकायंत्राचा. होकायंत्राची सुई पृथ्वीच्या चुंबकत्वाला अनुसरते, आणि तें चुंबकत्व फार क्षीण असतें. यंत्रांतील ध्वनिवर्धक, पडद्यावरील झांकणाचें चुंबकी कुलूप, लोखंडी पकड, किंवा वीज वाहणारी एकेरी तार यांपैकीं कांहींही जवळ आलें तर सुई ढळते. एका अंशाची चूक क्षुल्लक वाटते. परंतु साठ मैलांच्या प्रवासांत ती नौकेला सुमारें एक मैल बाजूला नेते. चूक पांच अंशांची असेल तर पांच मैल. अंधारांत, खडकांच्या किनाऱ्यावर, इतकें अंतर जीवन-मरणाचें ठरूं शकतें. म्हणूनच चांगल्या यंत्राच्या माहितीपुस्तकांत होकायंत्रापासून किती दूर राहावें तें अंतर छापलेलें असतें. तें पाळावें. विजेच्या दोन्ही तारा एकमेकींस पिळून न्याव्या, म्हणजे त्यांचें चुंबकत्व परस्परांस मारून टाकतें. यंत्र बसविल्यावर तें चालूं व बंद करून सुई हलते कीं काय, हें पाहण्यास एक मिनिटही लागत नाहीं.

तिसरा शत्रु पाणी, आणि तेंही खारें. ‘पाण्यापासून सुरक्षित’ या शब्दांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. यंत्रावर ‘आयपीएक्स ७’ असें चिन्ह असलें, तर तें एक मीटर खोल पाण्यांत अर्धा तास टिकतें असा त्याचा अर्थ. वर्षानुवर्षें त्यावर लाटा आदळाव्या, असा नव्हे. बहुधा कांच टिकते आणि मागची जोडणी दगा देते. तार यंत्रांत शिरण्यापूर्वीं तिला खालीं एक झोल द्यावा; मग तारेवरून ओघळणारें पाणी यंत्रांत न जातां झोलाच्या तळाशीं गळून पडतें. फायबरच्या नौकेंत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. पुष्कळ ठिकाणीं फायबरच्या दोन पातळ थरांमध्यें हलकें लांकूड किंवा फेस भरलेला असतो. स्क्रूच्या भोंकांतून पाणी आंत शिरलें, तर हें लांकूड बाहेरून न दिसतां कुजत जातें. म्हणून भोंकाची कड राळेनें भरून घ्यावी आणि मगच स्क्रू बसवावा.

चौथी गोष्ट विजेची. लहान नौकेंत बहुतेक बारा व्होल्टची बॅटरी असते. तार लांब व बारीक असली, तर वाटेंतच दाब उतरतो. मग इंजिन सुरू करतांना पडदा क्षणभर विझतो आणि पुन्हां जागा होण्यास वेळ घेतो. बंदराच्या तोंडाशीं असें घडणें कोणाच्याही हिताचें नाहीं. तार पुरेशी जाड व कल्हई केलेल्या तांब्याची असावी. फ्यूज बॅटरीजवळच बसवावा; कारण त्याचें काम यंत्राला वाचविण्यापेक्षां तारेला आग लागूं न देण्याचें आहे.

ऊन आणि अंधार यांचाही विचार हवा. दुपारच्या उन्हांत साधा पडदा फिका पडतो, आणि काळ्या चौकटीचें यंत्र तापून स्वतःच मंद होतें. मागें वारा खेळेल इतकी जागा सोडली व वर लहानशी झडप लावली, तर हा त्रास कमी होतो. चकाकी कमी करणारा ध्रुवित कांचेचा चष्मा घालून पाहिल्यास कांहीं पडदे एका विशिष्ट कोनांत अगदीं काळे दिसतात. विकत घेण्यापूर्वींच चष्मा लावून ही परीक्षा करावी. रात्रीं उलट अडचण येते. डोळ्यांना अंधाराची पुरी संवय होण्यास वीस ते तीस मिनिटें लागतात, आणि एका लखलखीत पडद्याकडे क्षणभर पाहिलें कीं ती संवय मोडते. समोरचें विनादिव्याचें होडकें मग दिसत नाहीं. यासाठीं रात्रीं प्रकाश शक्य तितका उतरविण्याची कळ हाताशीं असावी.

मासेमारीच्या नौकांत या सर्व व्यवस्थेला आतां नवें कारण मिळालें आहे. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या तंत्रावर आधारलेलीं संदेशयंत्रें तेरा किनारी राज्यांतील व केंद्रशासित प्रदेशांतील एक लाख नौकांवर बसविण्याच्या योजनेस ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पालघर येथें आरंभ झाला. मोबाईलची कक्षा संपल्यावरही संकटाची खबर किनाऱ्यावर पोंचावी आणि वादळाची सूचना नौकेवर यावी, हा तिचा हेतु आहे. परंतु अशा यंत्राला वर मोकळें आकाश लागतें. जाळ्यांच्या ढिगाऱ्यामागें किंवा लोखंडी छपराखालीं तें ठेवलें, तर हांक आकाशापर्यंत जाणार कशी?

हा विषय केवळ सागरकिनाऱ्याचा नव्हे. उमरी-नायगांवच्या परिसरांतून गोदावरी वाहते, आणि ऑगस्ट २०२५ मध्यें नांदेड जिल्ह्याच्या मुखेड तालुक्यांत गांवेंच्या गांवें पाण्यानें वेढलीं, तेव्हां बचावपथकांच्या नौकाच लोकांच्या कामीं आल्या. रबरी नौकेला केबिन नसते, फळी नसते. इंजिनाचा दांडा हेंच सुकाणू. तेथें यंत्र दोरीनें अंगाशीं बांधून दुसऱ्या माणसाच्या हातीं द्यावें. त्यानें वाचून सांगावें, आणि दांडा धरणाऱ्यानें पाण्यावरून नजर काढूं नये. कारण नकाशावर जेथें रस्ता आहे तेथें पुरांत पाणी असतें, आणि त्या पाण्याखालीं कुंपणाची तार, विहिरीचा कठडा, बाभळीचें खोड असतें. यांपैकीं कांहींच पडद्यावर उमटत नाहीं.

येथेंच यंत्राची मर्यादा कळते. मुंबईंत सागवानी लांकडानें बांधलेली ‘सुहेली’ ही बत्तीस फुटी नौका घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजीं इंग्लंडहून निघाले, आणि कोठेंही न थांबतां एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजीं परतले. जगांत असें प्रथमच घडत होतें, आणि तिच्यावर उपग्रहाचा पडदा नव्हता. त्या शर्यतीच्या स्मरणार्थ पुढें जी स्पर्धा सुरू झाली, तींत आधुनिक दिशादर्शक यंत्रें वर्ज्य आहेत. ती २०२३ सालीं आपल्या नौदलाचे निवृत्त अधिकारी अभिलाष टॉमी यांनीं दुसऱ्या क्रमांकानें पुरी केली. यावरून यंत्रें टाकून द्यावीं असें ठरत नाहीं. धुक्यांत व वादळांत त्यांनीं अनेकांचे प्राण राखले आहेत. ठरतें तें इतकेंच, कीं पडदा हा सुकाणूवाल्याचा मदतनीस आहे. त्याला मदतनिसाची जागा द्यावी: हाताशीं, थोडी खालीं आणि होकायंत्रापासून दूर. आणि तो विझला तर पुढें काय करावयाचें, याची उजळणी बंदर सोडण्यापूर्वींच झालेली असावी.