‘मुंबई’ उलटी लिहून बघा

गेल्या पावसाळ्यात करावे गावातला एक मुलगा लॅपटॉप घेऊन आमच्या ओट्यावर आला. नेरुळच्या एका कॉलेजात इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. ‘काका, जरा गडबड झालीय,’ म्हणाला. एका मुक्तस्रोत प्रकल्पासाठी त्याने लहान मुलांचा एक शब्दखेळ लिहिला होता. संगणक शब्द उलटा करून दाखवणार, मुलाने मूळ शब्द ओळखायचा. ‘कमळ’चं ‘ळमक’ झालं, ‘बदक’चं ‘कदब’. मग त्याने ‘मुंबई’ टाकली आणि पडद्यावर जे आलं ते वाचताच येईना. आधी ई, मग ब, त्या बिचाऱ्या ‘ब’च्या डोक्यावर ‘मुं’चा अनुस्वार, पायाशी त्याचाच उकार, आणि शेवटी उघडाबोडका म.

उत्तर मला ठाऊक होतं, पण सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, ‘मुंबईत अक्षरं किती, ते संगणकाला विचार.’ त्याने विचारलं. पाच. आपण म्हणतो तीन.

मेंटॉर म्हणवणाऱ्याचं निम्मं काम इथेच, तोंड बंद ठेवण्यात असतं. मी ते शिकलो मुक्तस्रोत, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना उघडा असतो अशा सॉफ्टवेअरच्या मंडळींकडून, त्यातही मुलांसाठी शैक्षणिक प्रोग्राम लिहिणाऱ्यांकडून. या जगातलं एक जुनं नाव म्हणजे शुगर लॅब्स.

त्याची गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. खरं तर तिचा एक तुकडा करावेपासून दीड-दोन तासांवर घडला. २००५ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी शंभर डॉलरचा लॅपटॉप जाहीर केला, ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’. शंभर डॉलरचा आकडा कधीच जमला नाही, पण यंत्र निघालं. पांढरा-हिरवा एक्सओ, सशाच्या कानांसारखे दोन अँटेना, २५६ एमबी मेमरी, एक जीबी साठवण. आपल्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये त्याला नकार दिला. तरीही २००७ मध्ये कर्जत तालुक्यातल्या खैराट गावच्या छोट्या प्राथमिक शाळेत हे लॅपटॉप पोहोचले. देशातल्या पहिल्या प्रयोगांपैकी तो एक होता.

त्या यंत्रावर जे सॉफ्टवेअर चालायचं त्याचं नाव शुगर. त्यात फाइल नाही, फोल्डर नाही. मूल जे काही करेल ते ‘जर्नल’ नावाच्या रोजनिशीत आपोआप जमा होतं. प्रोग्रामला तिथे ‘अ‍ॅक्टिव्हिटी’ म्हणतात. मला सगळ्यात भावली ती त्या कीबोर्डवरची एक कळ. ती दाबली की चालू असलेल्या प्रोग्रामचा कोड समोर उघडायचा. घड्याळाची मागची झाकणी काढून मुलाच्या हातात द्यावी तसं. बहुतेक कोड पायथनमध्ये होता, म्हणजे वाचता येण्याजोगा. यामागची परंपरा सिमूर पेपर्ट यांची. १९६७ मध्ये सहकाऱ्यांबरोबर त्यांनी मुलांसाठी लोगो ही भाषा केली, कासवाला ‘पुढे शंभर, उजवीकडे नव्वद’ असं सांगत भूमिती शिकवणारी. संगणकाने मुलाला शिकवण्यापेक्षा मुलाने संगणकाला शिकवावं, असा त्यांचा आग्रह.

२००८ मध्ये सॉफ्टवेअरची बाजू सांभाळणारे वॉल्टर बेंडर लॅपटॉपच्या संस्थेतून बाहेर पडले आणि शुगर सांभाळायला शुगर लॅब्स उभी राहिली. लॅपटॉप नंतर मागे पडला, सॉफ्टवेअर टिकलं. त्यातून ब्राउझरवर चालणारं म्युझिक ब्लॉक्स निघालं, ठोकळे जोडून सूर-ताल रचायचं. उरुग्वेने २००७ पासून सेइबाल योजनेत सरकारी प्राथमिक शाळांतल्या मुलांना हे लॅपटॉप दिले. त्यातली काही मुलं शाळकरी वयातच अ‍ॅक्टिव्हिटी लिहू लागली, पुढे हीच मुलं दुसऱ्यांचा कोड तपासू लागली. झाकणी उघडी ठेवल्याचा परिणाम, दुसरं काय!

अशी कामं आपल्या जवळही झाली. इथल्या सीवूड्सहून लोकल धरली की वाशीची खाडी ओलांडल्यावर मानखुर्द. तिथे टीआयएफआरचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, १९७४ चं. जी. नागार्जुन यांच्या पुढाकाराने तिथे एक प्रयोगशाळा चालली. नाव ‘नॉलेज’, पण स्पेलिंग मुद्दाम ‘जी’पासून सुरू होणारं, मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांना असल्या कोट्यांची भारी हौस. २०१३ मध्ये एनसीईआरटीचा राष्ट्रीय शैक्षणिक साहित्यसंग्रह सुरू झाला तो याच प्रयोगशाळेच्या सॉफ्टवेअरवर. पवईला आयआयटीत कन्नन मौदगल्य यांच्या फॉसी प्रकल्पाने वेगळी वाट काढली. विद्यार्थ्याने अभ्यासक्रमातलं एखादं प्रमाण पुस्तक निवडायचं, त्यातली सोडवलेली सगळी उदाहरणं सायलॅब या मोफत सॉफ्टवेअरमध्ये लिहून काढायची, तपासनीसाने ती चालवून बघायची, मग मानधन. साधी कल्पना, पण पोरांना कोडला जबाबदार राहायची सवय लागते. कधी कधी कोडमध्ये टीप सापडते की पुस्तकातलं उत्तर चुकलेलं आहे. वर्षानुवर्षं वर्गात पाठ झालेलं उत्तर, आणि कुणा तिसऱ्या वर्षाच्या पोराने ते पकडलेलं. त्यांच्याच ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये धड्याची संहिता आधी त्या विषयातल्या नवख्याकडून तपासून घेतात. तो अडला तर संहिता चुकली, नवखा नाही. ही रीत मला फार आवडते.

आता पोरं या जगात शिरतात कशी ते सांगतो. गूगल २००५ पासून ‘समर ऑफ कोड’ चालवतं. मुक्तस्रोत प्रकल्प आपली कामं मांडतात, तरुण प्रस्ताव पाठवतात, निवड झाली तर उन्हाळाभर मेंटॉरच्या हाताखाली काम आणि वर विद्यावेतन. आधी फक्त विद्यार्थ्यांना प्रवेश होता, २०२२ पासून कुठल्याही नवख्याला. तेरा ते सतरा वयाच्या मुलांसाठी २०१० पासून ‘कोड-इन’ही होतं, ते काही वर्षांपूर्वी बंद झालं. शुगर लॅब्स दोन्हींत होती.

यामुळे आपल्या कॉलेजांत एक नवाच हंगाम सुरू झाला. फेब्रुवारी उजाडला की खाडीकाठी फ्लेमिंगो आणि गिटहबवर पीआर, दोन्हींचे थवे. पीआर म्हणजे पुल रिक्वेस्ट: मी तुमच्या कोडमध्ये हा बदल केलाय, बघा आणि घ्या. काही पीआर सोन्यासारखे असतात. बरेचसे नुसता स्वल्पविराम हलवून बायोडेटात एक ओळ वाढवायला आलेले. २०२० च्या ऑक्टोबरात एका स्पर्धेत चार पीआरवर टी-शर्ट मिळणार होता. एका भारतीय यूट्यूब चॅनेलने ते कसं करायचं ते दाखवलं, आणि जगभरच्या प्रकल्पांवर कचऱ्याचा असा लोंढा आला की आयोजकांना भर महिन्यात नियम बदलून ‘ज्या प्रकल्पाला हवं त्यानेच भाग घ्यावा’ असं करावं लागलं. तेव्हा आपल्या मुलांची नाचक्की झाली. मला राग मुलांचा कमी आणि ‘कॉन्ट्रिब्यूशन’ हा शब्द मार्कांसारखा मोजायला शिकवणाऱ्यांचा जास्त आला. आता एआयने लिहिलेला कोड न वाचताच पुढे ढकलायची पद्धत आलीय. विचारलं, ‘ही ओळ कशाला?’ की पलीकडे शांतता.

हे जास्त खटकतं, कारण या धंद्यात लिहिणारे पुष्कळ, वाचणारे मोजके. मेंटॉर म्हणजे मुळात वाचणारा. दिवसभर नोकरी करून रात्री अकराला तो कुणा अनोळखी पोराच्या तीनशे ओळी वाचतो. लाल रंगात काढलेलं, हिरव्यात घातलेलं. बदल स्वतः केला तर दहा मिनिटांत होईल. तसं न करता तो एक प्रश्न लिहितो आणि झोपायला जातो. पोरगं दोन दिवस झगडतं, चिडतं, क्वचित गायब होतं. शेजारच्या टी. एस. चाणक्य या जहाज-प्रशिक्षण संस्थेतल्या कॅडेटला वर्गातल्या अभ्यासानंतर खऱ्या जहाजावर जावंच लागतं. तिथे वरचा अधिकारी शेजारी उभा असतो, पण काम कॅडेटच्याच हातून व्हावं लागतं. इथेही तसंच. फरक इतकाच की इथला अधिकारी कधी पॅराग्वेत असतो, कधी कॅमेरूनमध्ये.

मीही यात तोंडावर आपटलोय. माझा पहिला पीआर मर्ज झाला नाही, म्हणजे मूळ कोडमध्ये घेतला गेला नाही. दोन ओळींच्या दुरुस्तीबरोबर मी हौसेने पूर्ण फाइलमधल्या मोकळ्या जागा ‘नीट’ करून ठेवल्या होत्या. दोन ओळींसाठी समोरच्याला चारशे लाल-हिरव्या ओळी दिसल्या. त्याने विचारलं, ‘यात तुझी दुरुस्ती कुठली?’ अपमान वगैरे वाटला. आज तोच प्रश्न मी महिन्यातून दोनदा विचारतो.

तर ओट्यावरचा मुलगा. पाचचं कोडं त्याने आठवड्यात सोडवलं. संगणकाला म, उकार, अनुस्वार, ब, ई अशा पाच वेगळ्या वस्तू दिसतात. मात्रा आणि अनुस्वार मागच्या अक्षराला चिकटवून मोजणारं एक तयार साधन त्याने शोधलं, आणि ‘ईबमुं’ असं शुद्ध उलटं मिळालं. स्वारी खूश. मी म्हटलं, ‘आता क्षितिज टाक.’

आपल्या कानाला क्षि, ति, ज. साध्या मोजणीत सात निघाले होते, नव्या साधनाने चार. पाय मोडलेला क एकीकडे आणि षि दुसरीकडे. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. चूक त्याची नव्हतीच. संगणकावरच्या लिप्यांचं मानक असलेल्या युनिकोडच्या नियमांत जोडाक्षराचा हा तुकडा बऱ्याच काळापर्यंत असाच तुटत होता. २०२३ च्या १५.१ आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी तो सांधला गेला, आणि त्याच्याकडचं साधन जुनं होतं. साधन बदलायला पाच मिनिटं लागली. पण का बदलायचं हे पीआरमध्ये लिहायला त्याला दोन संध्याकाळी लागल्या, कारण तपासणाऱ्याला मराठी येत नव्हती. ‘क्ष’ हे एकच अक्षर का मानायचं, हे देवनागरी न वाचणाऱ्याला पटवायचं होतं. शेवटी त्याने पहिलीच्या पुस्तकातल्या ‘क्ष’चा फोटो जोडला. पलीकडून आणखी तीन शब्द चाचणीत घालायची सूचना आली, ती त्याने पाळली. अठराव्या दिवशी पीआर मर्ज झाला.

परवा तो पुन्हा आला, या वेळी प्रश्न घेऊन नाही. त्याच खेळात जळगावकडच्या कुणा मुलीने अक्षरं मोजून गुण द्यायची सोय लिहून पाठवली होती, आणि ती वाचायचं काम याच्याकडे आलं होतं. चूक त्याने पहिल्या मिनिटात पकडली. बोटं कीबोर्डवर गेली, दुरुस्त करून टाकावी म्हणून. मग थांबला, माझ्याकडे बघितलं, आणि खाली टिप्पणीच्या चौकटीत टाइप केलं: ‘छान जमलंय. ज्ञानेश्वर टाकून पाहिलंस का?’