वणव्याचा पहारेकरी

आम्हां आनंदनगरवासीयांना सातपुड्याचे जंगल ठाऊक असते ते सहलीपुरते. त्यातील बोरीचे जंगल १८६५ साली राखीव झाले; त्याच सुमारास कर्नल पिअर्सन यांनी तेथे वणवे रोखण्याचे प्रयत्न आरंभिले.

मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळतात. ती आग कित्येकदा रानात पसरते. म्हणून आधीच जाळरेषा साफ करून टेकडीवर पहारा बसवितात. मेळघाटात या पहारेकऱ्यास ‘अंगारी’ म्हणतात. एका मचाणावरून धुराची केवळ दिशा कळते. दोन मचाणांवरील दिशारेषा नकाशावर जेथे छेदतात, तेथे आग!

२००४ पासून भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांच्या साह्याने वणवे टिपते. परंतु हिरव्या डहाळीने ज्वाळा झोडपण्यास माणूसच धावतो, आणि तो बहुधा हंगामी मजूर असतो. माझ्या मते, जंगल बारमाही राखायचे तर राखणदारही बारमाही हवा.