माळ्यावरच्या हवावाहिन्या

अमेरिकेच्या दक्षिण भागातील, म्हणजे फिनिक्स किंवा ह्यूस्टनसारख्या शहरांतील घरांत बहुधा खोलीखोलीला वेगळा एसी नसतो. एकच मध्यवर्ती यंत्र हवा थंड किंवा गरम करते आणि डक्ट, म्हणजे हवावाहिन्या, ती घरभर पोचवतात. या घरांना सहसा तळघर नसल्यामुळे वाहिन्या छपराखालच्या माळ्यावर टाकण्याची रीत पडली आणि मूळ चूक तिथेच झाली. उष्णता अडवणारा थर खोल्यांच्या छतावर, म्हणजे माळ्याच्या तळाशी अंथरलेला असतो. त्यामुळे माळा छपराखाली असूनही तापमानाच्या दृष्टीने घराबाहेरच राहतो.

उन्हाळ्यात दुपारी त्या माळ्यावरची हवा ५५ अंश सेल्सिअसच्याही वर जाते, तर वाहिनीतील हवा सुमारे १३ अंशांची असते. हीच वाहिनी २५ अंशांच्या खोलीतून गेली असती, तर आतल्या-बाहेरच्या तापमानात १२ अंशांचाच फरक पडला असता. माळ्यावर तो ४० अंशांहून अधिक होतो आणि त्याला तोंड द्यायला दोन-तीन इंचांचे आवरण असते. शिवाय थंडाव्याची निकड सर्वाधिक असते त्याच वेळी हा फरक सर्वाधिक असतो.

त्याहून मोठे नुकसान गळतीचे. एनर्जी स्टार या तेथील सरकारी कार्यक्रमाच्या अंदाजानुसार सर्वसाधारण घरात वाहिन्यांतील २० ते ३० टक्के हवा सांध्यांतून आणि भोकांतून वाया जाते. थंड हवा माळ्यावर सांडली की घरातला दाब उतरतो आणि दारे-खिडक्यांच्या फटींतून बाहेरची गरम, दमट हवा आत ओढली जाते. म्हणजे यंत्राला दुहेरी काम पडते. सांध्यांवर चिकटवलेली कापडी पट्टी, जिला डक्ट टेप असेच नाव आहे, ती उष्णतेने सुटते, हे लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने १९९० च्या दशकातच दाखवले होते; सांध्यांवर मॅस्टिक नावाचा दाट लेप टिकतो.

वाहिन्या घराच्या थंड कक्षेतच ठेवल्या, तर सुटलेली हवाही घरातच राहते. त्यासाठी मधल्या बोळाचे छत थोडे खाली घेऊन त्या पोकळीतून वाहिन्या नेतात, किंवा उष्णतारोधक थर छपरालाच लावून माळा हवाबंद करतात. पहिला मार्ग सोपा दिसतो, पण पोकळीची वरची बाजू आणि कडा वाहिनी बसवण्याआधी हवाबंद करायला हव्यात. ते राहून गेले की ती पोकळी पुन्हा माळ्याचाच भाग होते आणि सगळा खटाटोप वाया जातो. कॅलिफोर्नियाने २०१६ च्या ऊर्जा नियमावलीत नव्या घरांसाठी अशा रचनेला अधिकृत पर्यायाचे स्थान दिले. जुन्या घरात मात्र छत उतरवण्याचा खर्च जड जातो, म्हणून वाहिन्यांची वाट नकाशावरच आखलेली बरी, छपराच्या कैच्यांची मापे ठरण्यापूर्वी.